केलिमुतू: एक डोंगर, तीन तळी आणि बदलते रंग

पहाटे साडेपाचला इंडोनेशियातल्या केलिमुतूच्या माथ्यावर पोहोचलं की आधी कुठलाच रंग दिसत नाही. दिसतात ते नुसते खड्डे. समोर दोन, शेजारी शेजारी, आणि मागे वळलं की थोड्या अंतरावर तिसरा. खड्डे म्हणायचं ते सवयीने. एकेका खड्ड्यात आपल्याकडचं एखादं छोटं गाव सहज बसेल. कडे सरळ खाली गेलेले, गवताचं पातंही न उगवलेले, आणि तळाशी पाणी.

सहाच्या सुमारास पूर्वेला तांबडं फुटलं. समोरच्या तळ्यातलं पाणी आधी राखाडी होतं, मग दुधाळ झालं, आणि ऊन कड्यावरून खाली उतरलं तसं ते फिरोजी दिसायला लागलं. नदीचं किंवा समुद्राचं पाणी असं कधी दिसत नाही. ऑइलपेंटचा डबा उघडून ठेवल्यासारखं ते जाड दिसत होतं. आरपार काही दिसत नव्हतं आणि वाऱ्याने लाटही उठत नव्हती. मध्ये एक अरुंद भिंत आणि पलीकडे दुसरं तळं, ते मात्र गडद हिरवं. पाठीमागचं तिसरं काळपट, विहिरीत वाकून बघितल्यासारखं.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने फोनमधला फोटो काढून समोरच्या तळ्याशी ताडून बघितला. फोटोत गडद हिरव्याच्या जागी तांबडं पाणी होतं, विटकरी म्हणावं इतकं तांबडं. तळं तेच, कडे तेच, उभं राहायची जागासुद्धा तीच. फोटो खोटा नव्हता. तो काढला तेव्हा पाणी तसंच होतं.

एकाच डोंगरावर, एकमेकांना जवळजवळ खेटून असलेल्या तीन तळ्यांचे रंग वेगवेगळे का, आणि ते बदलतात का, हे समजून घेतलं की केलिमुतू बघण्याची मजा कितीतरी वाढते. म्हणून आधी ते सांगते. जायचं कसं ते नंतर.

इंडोनेशियाच्या नकाशावर बालीपासून पूर्वेकडे बोट फिरवत गेलं की लोम्बोक, सुम्बावा आणि मग फ्लोरेस बेट लागतं. लांबलचक, चिंचोळं, डोंगराळ. फ्लोरेस म्हणजे पोर्तुगीज भाषेत फुलं. गोव्यात राजधानी थाटलेल्या पोर्तुगीज सत्तेची जहाजं सोळाव्या शतकात चंदनाच्या शोधात या बाजूला येत, तेव्हापासून हे नाव चिकटलं, आणि बेटावरचे बहुसंख्य लोक आजही कॅथलिक आहेत. एखाद्या वळणावर अचानक पांढरं चर्च दिसतं तेव्हा क्षणभर सासष्टीत असल्यासारखं वाटतं. या बेटाच्या मध्यभागी, एन्दे जिल्ह्यात, १,६३९ मीटर उंचीचा केलिमुतू आहे. तिथल्या लिओ लोकांच्या भाषेत केली म्हणजे डोंगर आणि मुतू म्हणजे उकळणारा. १९९२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी निघालेल्या पाच हजार रुपियाच्या नोटेवर या तीन तळ्यांचं चित्रही छापलं गेलं.

हा डोंगर जिवंत ज्वालामुखी आहे. फ्लोरेसच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने उत्तरेकडे सरकतो आणि बेटांच्या खाली शिरतो. खाली जाताना तो आपल्याबरोबर समुद्राचं पाणी घेऊन जातो, खडकांच्या घडणीतच मुरलेलं. खोलवर गेल्यावर दाबाने आणि उष्णतेने हे पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात मिसळतं. आता गंमत अशी, की तो खडक नुसत्या उष्णतेने वितळला नसता. पाणी मिसळल्यामुळे त्याचा वितळणबिंदू खाली येतो. उन्हाळ्यात घरी आइस्क्रीमचा पॉट फिरवताना आपण बर्फात खडेमीठ टाकायचो ते आठवा. मीठ पडलं की बर्फ कमी तापमानालाही पाणी व्हायला लागतो. जमिनीखाली जवळपास तसंच होतं, फक्त मिठाचं काम पाणी करतं आणि बर्फाच्या जागी खडक असतो. सुमात्रा, जावा, बाली ते फ्लोरेस अशी ज्वालामुखींची जी माळ दिसते ती अशीच तयार झाली आहे.

वितळलेल्या खडकात वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचं बूच सैल केलं की फस्सकन वायू बाहेर येतो, तसा वर येताना दाब कमी झाला की लाव्हातला वायू सुटतो आणि भेगा-फटींतून वाट काढतो. त्यात वाफ असते, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि आपल्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गंधकाचे वायू असतात. एरवी हे वायू सरळ हवेत जातात. केलिमुतूवर मात्र भेगांच्या तोंडावर तळी साचली आहेत. पूर्वीच्या स्फोटांनी झालेले खड्डे, त्यात शेकडो वर्षांचं पावसाचं पाणी, आणि खालून सतत बुडबुडणारा वायू. तळ्यांचे रंग बदलतात ते या मांडणीमुळे.

गंधकाचा वायू पाण्यात शिरला की दोन गोष्टी होतात. त्यातला काही भाग सल्फ्युरिक आम्ल बनतो, म्हणजे गाडीच्या बॅटरीत असतं ते. काही भाग घन गंधकाचे अतिबारीक कण होऊन पाण्यातच लटकत राहतो. दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत, म्हणून ते एकेक करून बघू.

आधी आम्ल. शेतकरी कुटुंबातल्या वाचकांना माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू, म्हणजे पीएच, माहीत असेल. सात म्हणजे शुद्ध पाणी, त्याच्या खाली गेलं की आंबट, वर गेलं की खारं-चोपण. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. केलिमुतूच्या फिरोजी तळ्याचा सामू मोजणाऱ्यांना एकाच्याही खाली सापडला आहे. या मोजपट्टीवर एक घर खाली म्हणजे आंबटपणा दहापट, हे लक्षात घेतलं तर ते पाणी किती जहाल आहे याचा अंदाज येतो. आता आपल्या आज्या सांगायच्या, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात चिंचेचं सार ठेवू नकोस, कळकेल. आंबट पदार्थ धातू खातो, भांड्यातला धातू सारात उतरतो. केलिमुतूवर भांडं म्हणजे खुद्द डोंगर आहे. ते आम्ल कड्यांचा आणि तळाचा दगड खातं आणि त्यातलं लोह, ॲल्युमिनियम वगैरे पाण्यात उतरवतं. तळ्यांच्या बहुतेक रंगांमागे हे लोह आहे.

लोहाचे रंग आपल्या फार ओळखीचे आहेत, फक्त आपण त्यांचा एकत्र विचार करत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला तांबडा जांभा बघा. जांभा हा त्याच काळ्या दगडाचा हजारो-लाखो वर्षं पावसाने झिजून, धुऊन झालेला अवतार. काळ्या दगडात लपलेलं लोह हवेतल्या प्राणवायूला भेटलं आणि तांबडं झालं. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही तांबडा दिसतो तो प्राणवायू मिळालेल्या लोहामुळेच. उलट प्राणवायू न मिळालेलं, विरघळलेलं लोह हिरवट दिसतं. ते बघायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात जा आणि हिराकस मागा. पानं पिवळी पडली की ऊस आणि फळबागांना देतात ते. हिराकस म्हणजे लोह आणि सल्फ्युरिक आम्ल यांचा क्षार, पोपटी-हिरव्या खड्यांचा.

परत आल्यावर मी हा प्रयोग घरी करून बघितला. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेतलं, दोन्हींत चांगली दोन-दोन चमचे हिराकस विरघळवली. फिकट हिरवं पाणी तयार झालं. एका पेल्यात लिंबू पिळलं, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही खिडकीत उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी साधा पेला गढूळ पिवळसर झाला होता, त्यानंतर तो विटकरी होत गेला आणि तळाशी गंजाचा साका बसला. लिंबाचा पेला बराच काळ हिरवट आणि नितळ राहिला. पहिल्या पेल्यात लोहाला हवेतला प्राणवायू मिळाला आणि ते गंजलं. दुसऱ्यात आम्लाने ती क्रिया रोखून धरली आणि लोहाला खाली बसू दिलं नाही. करायचा असेल तर लहान मुलांपासून दूर करा. हिराकस पोटात गेली तर बाधते, आणि कपड्यांवर पडलेले डाग निघत नाहीत.

केलिमुतूच्या तळ्यांत हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. खालून येणारा गंधकाचा वायू प्राणवायू गिळणारा आहे. तो जोरात येत असेल तर पाण्यातला प्राणवायू संपतो, लोह हिरव्या अवस्थेत राहतं आणि तळं हिरवं दिसतं. वायूचा जोर ओसरला की वरून हवा आणि पाऊस पाण्यात प्राणवायू मिसळवतात, लोह दुसऱ्या अवस्थेत जातं आणि पाणी चहाच्या रंगाकडे, विटकरीकडे, कधी इतक्या गडद तपकिरीकडे झुकतं की ते काळंच दिसतं. लोह गंजलं तरी आम्लामुळे ते बऱ्याच अंशी विरघळलेलंच राहतं, म्हणून ते सगळं तळाशी बसून जात नाही आणि रंग पाण्यातच टिकतो. शेजारच्या मुलीच्या फोटोतलं तांबडं तळं आणि आमच्या समोरचं हिरवं तळं यांत एवढाच फरक होता. मधल्या काळात खालून येणारा वायू वाढला होता.

मग फिरोजी कुठून आला? तिथे दुसरा भाग कामाला येतो, पाण्यात लटकलेले गंधकाचे कण. गंधक पिवळं असतं, मग पाणी निळं का? पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाका, अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च मारा आणि समोरून बघा. पाण्यावर निळसर झाक दिसते. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो तो याच कारणाने. कण फार बारीक असले की ते प्रकाशातला निळा भाग जास्त उधळतात. तळ्यात ती निळी झाक आणि लोहाची हिरवी छटा एकत्र आली की फिरोजी रंग तयार होतो. आणि पाणी आरपार दिसत नाही, रंगासारखं जाड वाटतं, तेही या कणांमुळेच. गंधकाचा स्वतःचा पिवळेपणा बघायचा असेल तर तळ्याच्या कडेला, पृष्ठभागावर, नीट बघा. कधी कधी तिथे पिवळट फेसाचे पट्टे तरंगताना दिसतात.

आता उरला प्रश्न तीन तळ्यांचा. डोंगर एक, पोटातला जाळ एक, तरी रंग तीन. मला हे असं समजलं: सिलिंडर एक आणि शेगडी तीन बर्नरची. प्रत्येक बर्नरचं बटण वेगळं, आणि त्यावर ठेवलेली पातेलीही वेगळी. फिरोजी तळं सगळ्यांत खोल, सुमारे १२७ मीटर. बाकी दोन साधारण त्याच्या निम्म्या खोलीची, एक सुमारे ६७ तर दुसरं सुमारे ६४ मीटर. प्रत्येकाच्या खालची भेग वेगळी, वायू येण्याचं प्रमाण वेगळं, पाण्याचा साठा वेगळा. फिरोजी तळ्याखालचा बर्नर मोठा आहे, म्हणून तिथे कायम गंधक घुसळलं जातं आणि त्याचा रंग त्यातल्या त्यात स्थिर असतो. पांढुरका, आकाशी, फिरोजी, अशा छटांमध्ये तो फिरतो. उरलेल्या दोघांची बटणं कमी-जास्त होत राहतात, म्हणून त्यांचे रंग जास्त दूरवर जातात, हिरव्यापासून काळ्यापर्यंत.

बटण कधी फिरेल ते मात्र कुणाला ठरवून सांगता येत नाही. पावसाळ्यात अमुक रंग आणि उन्हाळ्यात तमुक, असं वेळापत्रक काही जण सांगतात. ते मानू नका. पावसाने पाणी पातळ होतं, उन्हाने आटतं, याचा परिणाम होतोच, पण मुख्य सूत्र जमिनीखाली आहे आणि तिथे पंचांग चालत नाही.

शेवाळामुळे रंग येतात, हेही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. केलिमुतूच्या बाबतीत ते मुख्य कारण नाही. पण सूक्ष्मजीवांनी तळं रंगल्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले तेव्हा कारण निघालं मीठप्रिय सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, तसे ते फोफावले आणि त्यांच्यातल्या गुलाबी रंगद्रव्याने सरोवर रंगलं. लोणार आणि केलिमुतू वरवर एकसारखे वाटतात, दोन्हीकडे गोल खड्डा आणि रंगीत पाणी. आतून ते अगदी उलट आहेत. लोणारचा खड्डा आकाशातून पडलेल्या उल्केने झाला, केलिमुतूचे खड्डे जमिनीच्या आतून आलेल्या स्फोटांनी. लोणारचं पाणी सामूच्या मोजपट्टीवर दहाच्या आसपास, खारं-चोपण, आणि केलिमुतूचं दुसऱ्या टोकाला, जहाल आंबट. लोणारला रंगाचं काम जिवांनी केलं, इथे ते वायू, लोह आणि गंधक करतात. लोणार बघितलेल्या माणसाला केलिमुतू जास्त कळतं असं मला वाटतं, आणि तिथून परत आल्यावर लोणारही पुन्हा बघावंसं वाटतं.

हे सगळं विज्ञान फार जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच अधिकाऱ्यांच्या लिखाणातून ही तळी बाहेरच्या जगाला कळली, आणि पाण्याचं नीट रासायनिक मोजमाप त्याच्याही कितीतरी नंतर झालं. लिओ लोकांना मात्र ती कायमच माहीत होती, आणि रंगांचा अर्थही त्यांनी त्यांच्या परीने लावलेला होता. त्यांच्या समजुतीनुसार माणूस गेला की त्याचा आत्मा गाव सोडून केलिमुतूवर येतो. डोंगराच्या प्रवेशावर कोंदे रातू नावाचा राखणदार आहे. तो येणाऱ्या आत्म्याला त्याच्या वयाप्रमाणे आणि कर्माप्रमाणे तीनपैकी एका तळ्यात पाठवतो. पश्चिमेचं, एकटं असलेलं तळं तिवू अता म्बूपू, म्हणजे वृद्धांचं. सरळ आयुष्य जगून पिकल्या वयात गेलेले तिथे जातात. फिरोजी ते तिवू नुवा मुरी को'ओ फाई, तरुण मुलामुलींचं. आणि त्याला चिकटून असलेलं तिवू अता पोलो, म्हणजे चेटूक करणाऱ्यांचं, दुष्टांचं. तिवू म्हणजे तळं. वृद्धांचं तळं बाकी दोघांपासून वेगळं, निवांत आहे, आणि तरुणांच्या व दुष्टांच्या तळ्यांमध्ये फक्त एक अरुंद भिंत आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी डोंगर फार लक्ष देऊन बघितला होता.

दरवर्षी १४ ऑगस्टला इथे पाती का नावाचा विधी होतो. पाती का म्हणजे जेवू घालणं. वेगवेगळ्या गावांचे मोसालाकी, म्हणजे परंपरेने चालत आलेले गावप्रमुख, विणलेल्या वस्त्रांत डोंगरावर येतात आणि दगडावर पूर्वजांसाठी भात, मांस, पान-सुपारी, तंबाखू आणि ताडाची दारू ठेवतात. त्यानंतर सगळे हातात हात गुंफून गोलाकार गावी नाच करतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना यात अनोळखी काहीच नाही. तळ्यात नाणी किंवा दगड टाकू नयेत, तिथे आरडाओरडा करू नये, असं तिथले लोक सांगतात. ते कुणाच्या तरी आजी-आजोबांच्या घरी उभे आहोत अशा भावनेने पाळावं. रंग बदलला की पूर्वजांना काहीतरी सांगायचं आहे असं जुनी माणसं म्हणतात. डोंगराच्या आत काहीतरी हललं आहे एवढं तर त्यावरून शास्त्रज्ञालाही कळतं.

कारण हा धोक्याचा भाग आहे. १९६८ साली इथे वाफेचा स्फोट झाला. लाव्हा वर आला नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे पडले की ते तडतडून उडतात, तसं खाली तापलेल्या खडकाला पाणी भिडलं की ते एका क्षणात वाफ होतं आणि वरचं सगळं उडवतं. अशा स्फोटाची पूर्वसूचना फार थोडी मिळते. इंडोनेशियाची ज्वालामुखी निरीक्षण यंत्रणा म्हणून इथे भूकंपमापक लावून लक्ष ठेवते, आणि पाण्याचा रंग, तापमान, वायूचा वास हेही टिपते. धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. पहिल्या पायरीवर डोंगर खुला असतो. दुसऱ्या पायरीवर तळ्यांच्या जवळ जायला बंदी येऊ शकते, आणि नुसत्या रंगबदलामुळे पायरी वाढवल्याची उदाहरणं अगदी अलीकडचीही आहेत. म्हणून निघण्याआधी त्या आठवड्याची पायरी बघून घ्या. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच नाही. कडे ठिसूळ आहेत, आम्लाने आतून खाल्लेले. खाली पडलेल्या माणसाला वर काढणं जवळजवळ अशक्य आहे. गंधकाचा उग्र वास यायला लागला, डोळे चुरचुरले, तर सूर्योदय सोडून खाली उतरायचं. दमेकऱ्यांनी विशेष जपायचं.

आता जायचं कसं. मुंबईहून बाली, आणि बालीहून छोट्या विमानाने फ्लोरेसवरचं माउमेरे किंवा एन्दे. माउमेरेहून मोनी गाव गाडीने साधारण तीन तासांवर, एन्देहून दीड-दोन तासांवर. रस्ता म्हणजे आपला वरंध घाट सलग तीन तास. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसावं. फ्लोरेसच्या पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजोहून, म्हणजे कोमोडो ड्रॅगन बघून, रस्त्यानेही येता येतं, पण त्याला वाटेत मुक्काम करत दोन-तीन दिवस द्यावे लागतात. विमानांच्या वेळांवर फार विसंबू नका. याच बेटाच्या पूर्वेला लेवोतोबी लाकी-लाकी नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो उसळला तेव्हा राखेमुळे थेट बालीची उड्डाणं रद्द झाली होती. हातात दोन दिवस जादा असू द्या. ते दिवस एन्देमध्ये घालवता येतील. पुढे इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोंना डच सरकारने १९३४ ते १९३८ तिथे नजरकैदेत ठेवलं होतं, ते घर बघता येतं.

मोनी हे डोंगराच्या पायथ्याचं भातखाचरांचं गाव. घरगुती मुक्काम मिळतात. आम्ही उतरलो त्या घरच्या बाईंना सगळे इबू म्हणायचे. आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो तसं. शाकाहारी असल्याचं आदल्या रात्री सांगून ठेवलं तर भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी हमखास मिळते. पहाटे चारला मोटरसायकलवाला किंवा गाडी ठरवायची. वाहनतळापर्यंत घाटरस्ता, तिथून पुढे झाडीतली सोपी वाट, आणि शेवटी माथ्यावरच्या चौथऱ्यापर्यंत पायऱ्या. रमतगमत अर्धा-पाऊण तास. गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश जमेल. स्वेटर आणि टोपी न्याच. विषुववृत्ताजवळ असलं तरी सोळाशे मीटरवर पहाटेचा वारा महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखा झोंबतो. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने, त्यातले जुलै-ऑगस्ट सगळ्यात मोकळ्या आकाशाचे.

माथ्यावर स्थानिक बाया थर्मासमधून आल्याची कॉफी विकतात आणि खांद्यावर हातमागाची वस्त्रं घेऊन बसतात. माकडं आहेत, पिशवी सांभाळा. एक चूक मात्र बहुतेक लोक करतात: सूर्य वर आला, फोटो झाले, की सात वाजता खाली पळतात. तळी खड्ड्यांत खोल आहेत, ऊन तिथवर उतरायला वेळ लागतो, आणि खरे रंग आठच्या आसपास खुलतात. त्यानंतर तासा-दोन तासांत ढग चढतात आणि पडदा पडतो. मधला तो एक तास सोडू नका. गर्दी गेलेली असते आणि झाडीतून गारुगिवा ओरडायला लागतो. या पक्ष्याची शीळ एकसारखी नसते, तो सारखी चाल बदलतो. लिओ लोक त्यालाही आत्म्यांशी जोडतात. उतरताना वाटेच्या कडेला खडक आणि ओलावा असेल तिथे नीट बघत या. केलिमुतूचंच नाव मिळालेली बेगोनियाची एक जात इथे उगवते.

साडेनऊला आम्ही मोनीत परतलो. इबू अंगणात भात वाळत घालत होत्या. आयुष्यभर त्या याच डोंगराच्या पायथ्याशी राहिल्या आहेत, पण न्याहारीला या म्हणायच्या आधी त्यांनी हात थांबवून पहिलं हेच विचारलं, की आज अता पोलो कुठल्या रंगाचं होतं. हिरवं, म्हटलं. गडद हिरवं. त्यांनी मान हलवली आणि मुलाला हाक मारून ते सांगितलं.